सीडीएसच्या लेखीत आपटलात? पुढचा फॉर्म कोणता भरायचा

परवा रात्री शेजारच्या विंगमधला मुलगा मोबाईल घेऊन आला. स्क्रीनवर सीडीएसचे, म्हणजे सैन्यात अधिकारी होण्यासाठीच्या यूपीएससी परीक्षेचे, मार्क होते. इंग्रजी ५२, जीके ३१, गणित १७. वय बावीस वर्षं आठ महिने, बी.कॉम., डोंबिवलीच्या दोन खोल्यांत चार माणसं. "दादा, परत सीडीएस देऊ, की एएफकॅट भरू? पप्पा म्हणतात सीएपीएफ बघ." एएफकॅट म्हणजे हवाई दलाची अधिकारी भरतीची परीक्षा, सीएपीएफ म्हणजे निमलष्करी दलांची.

मी स्वतः सीडीएस चार वेळा दिली. दोनदा लेखी निघाली, दोनदा एसएसबीला, म्हणजे लेखीनंतरच्या पाच दिवसांच्या निवड चाचणीला, जाऊन आलो, आज बँकेत आहे. त्यामुळे हा सल्ला सैन्यात लागलेल्या माणसाचा नाही. फॉर्म मात्र यातले जवळपास सगळे भरून झालेत.

आधी मार्क नीट वाचायला हवेत. "शंभर आले, कमी पडले" एवढंच बघून तो आला होता. गणितात १७ म्हणजे प्रत्येक पेपरला लागणारे किमान २० टक्केही नाहीत. डेहराडूनच्या इंडियन मिलिटरी अकॅडमीचं (आयएमए) दार तिथेच बंद झालं, बाकीच्या पेपरांत काहीही पडले असते तरी. पण चेन्नईच्या ओटीएसाठी (ऑफिसर्स ट्रेनिंग अकॅडमी) गणिताचा पेपर धरतच नाहीत. फक्त इंग्रजी आणि जीके, २०० पैकी. तिथे त्याचे ८३ होते.

"ओटीए भरलं होतंस ना?"

"नाही. ते टेम्पररी असतं ना?"

म्हणजे ओटीएच्या यादीसाठी त्याचा विचारच झाला नाही. दरवर्षी किती पोरं ही एक खूण न केल्यामुळे घरी बसतात देव जाणे. ओटीएतून मिळतं ते शॉर्ट सर्व्हिस कमिशन, दहा वर्षांचं. दहा वर्षं झाली की परमनंटसाठी अर्ज करता येतो, नाहीतर आणखी चार वर्षं वाढवून घेता येतात. खांद्यावर लागतात ते लेफ्टनंटचे तेच दोन स्टार, पगाराची सुरुवात तीच ५६,१००, वर मिलिटरी सर्व्हिस पे. फरक ट्रेनिंगचा आहे. डेहराडूनला दीड वर्ष, चेन्नईला ४९ आठवडे. मुलींना सीडीएसमधून आर्मीत जायचं तर दार ओटीएचंच. ज्याचं गणित कच्चं आहे त्याने ओटीए दुय्यम मानणं मला कधीच पटलं नाही.

वयाचंही तसंच. पोरं वय फॉर्मच्या दिवशीचं मोजतात. यूपीएससी ते कोर्स सुरू व्हायच्या तारखेच्या हिशोबाने धरते. परीक्षा आणि आयएमएचा कोर्स यांत नऊ-दहा महिने जातात, ओटीएला जवळपास वर्ष. आयएमएची मर्यादा २४, ओटीएची २५. आमच्या या पोराच्या हातात आयएमएचा फार तर एक प्रयत्न उरलाय, ओटीएचे दोन-तीन. हे मी बोटांवर मोजून दाखवलं तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्याच्या हिशोबात अजून दोन वर्षं होती.

आता तुलना. वाटा निवडताना मी एकच प्रश्न आधी विचारतो: लेखीचे मार्क तुमच्या मागे कुठवर येतात?

सीडीएसमध्ये ते शेवटपर्यंत येतात. आयएमएसाठी लेखी ३००, एसएसबी ३००. ओटीएसाठी २०० आणि २००. निम्मं वजन लेखीचं. कटऑफला घासून पास झालात, एसएसबीत रेकमेंड झालात, मेडिकल फिट आलात, तरी शेवटच्या यादीत नाव नसू शकतं. याला आमच्यात 'मेरिट आऊट' म्हणतात. माझ्या बॅचमधला एक जण तसाच गेला. पाच दिवस टिकला, मेडिकलमध्ये कान-डोळे-दात सगळं ठीक निघालं, पेढे वाटून झाले, आणि यादीत नाव नाही. त्याच्यापेक्षा एसएसबीत नापास होणं परवडलं. निदान पेढ्यांचा खर्च वाचतो.

सीएपीएफमध्ये लेखीचं वजन तर पाऊण आहे. पहिला पेपर २५०, दुसरा २००, मुलाखत १५०. बीएसएफ, सीआरपीएफ, सीआयएसएफ, आयटीबीपी, सशस्त्र सीमा बल या दलांत असिस्टंट कमांडंट म्हणून भरती. ही दलं गृह मंत्रालयाखाली येतात, सैन्यात नाही, हे घरच्यांना आधी समजावून सांगा. नंतर "तू आर्मीत ना?" ऐकून कंटाळाल. पाच दिवसांची एसएसबी इथे नाही, यूपीएससीची मुलाखत आहे. म्हणून लोकांना वाटतं हे सोपं. लेखीत पडलेल्या मुलासाठी मला ही सगळ्यात अवघड वाट वाटते. दुसऱ्या पेपरात निबंध, सारांशलेखन, उताऱ्यावरचे प्रश्न असं हाताने लिहायचं असतं. निबंध हिंदीतून चालतो, उतारा आणि सारांश इंग्रजीतूनच. गोल काळे करून सुटका नाही.

तिचे दोन फायदे मात्र खरे आहेत. वयात ओबीसींना तीन आणि अनुसूचित जाती-जमातींना पाच वर्षांची सवलत मिळते, आरक्षणही आहे. सीडीएसमध्ये या दोन्ही गोष्टी नाहीत. दुसरं, शारीरिक चाचणीचे आकडे लेखी स्वरूपात समोर असतात. मुलांसाठी १०० मीटर १६ सेकंदांत, ८०० मीटर ३ मिनिटं ४५ सेकंदांत, साडेतीन मीटर लांब उडी, ७.२६ किलोचा गोळा साडेचार मीटर. घड्याळ लावून उद्याच बघता येतं. आमच्या पोराला मी रविवारी शिवाजी पार्कला नेलं. ८०० मीटरला चार मिनिटं बारा सेकंद, आणि नंतर कट्ट्यावर बसून दहा मिनिटं नुसता धापा टाकत होता.

एएफकॅट त्याच्यासारख्याला बरी बसते, असं माझं मत. वर्षातून दोनदा, कॉम्प्युटरवर, दोन तासांत १०० प्रश्न, ३०० मार्क. बरोबरला तीन, चुकीला एक वजा. इथलं गणित टक्केवारी, सरासरी, काळ-काम-वेग असलं दहावीच्या अंकगणितातलं. सीडीएसच्या गणितात त्रिकोणमिती, भूमिती, बीजगणित येतं आणि कॉमर्सची मुलं तिथेच अडकतात. कटऑफ गेली काही वर्षं दीडशेच्या आसपास फिरतोय, म्हणजे निम्म्यावर. ग्राउंड ड्युटीला, म्हणजे विमान न उडवता जमिनीवरच्या कामांना, वयाची मर्यादा २६. ॲडमिनिस्ट्रेशन किंवा लॉजिस्टिक्ससाठी कुठल्याही शाखेची पदवी चालते, अकाउंट्सला बी.कॉम. किंवा तशीच फायनान्सची पदवी हवी. अट ६० टक्क्यांची, ती मात्र कडक. लेखीचे मार्क इथेही मेरिटमध्ये धरले जातात.

फ्लाइंग ब्रँचचा विषय निराळा. बारावीला गणित आणि फिजिक्स दोन्हीत ५० टक्के लागतात. शिवाय पायलट होण्याची जी कॉम्प्युटरवरची चाचणी असते ती आयुष्यात एकदाच देता येते. नापास झालात की पायलटचं दार कायमचं बंद, मग सीडीएसमधून या नाहीतर एएफकॅटमधून. ज्याला विमानच उडवायचंय त्याने "बघू या, सराव होईल" म्हणून तिथे जाऊ नये.

लेखीचे मार्क ज्यात शून्य धरले जातात अशा वाटाही आहेत, आणि त्या फार कमी लोक बघतात. एनसीसीचं सी सर्टिफिकेट किमान बी ग्रेडने आणि पदवीला ५० टक्के असतील तर एनसीसी स्पेशल एंट्रीतून थेट एसएसबी. वय १९ ते २५. इंजिनिअर असाल तर एसएससी टेक (शॉर्ट सर्व्हिसची टेक्निकल एंट्री), वय २० ते २७, तेही थेट एसएसबी. मेरिट फक्त एसएसबीच्या मार्कांवर. अर्थात चाळणी असतेच, फक्त ती आधी सरकते. आर्मी कॉलेजच्या टक्केवारीवरून कोणाला बोलवायचं ते ठरवते, आणि इंजिनिअरना ब्रँचप्रमाणे वेगळा कटऑफ लागतो. म्हणजे तुमची मार्कशीट हीच तुमची प्रवेश परीक्षा. एफवायला जे लेक्चर बुडवून वडापाव खात बसलात, त्याचा हिशोब इथे होतो. आमच्या पोराने एनसीसी केली नव्हती. सकाळी सहाच्या परेडसाठी डोंबिवलीहून किती वाजता निघायचं, हे त्याचं कारण, आणि ते मी चूक म्हणू शकत नाही.

टेरिटोरियल आर्मीबद्दलही त्याने विचारलं. वय १८ ते ४२ चालतं म्हटल्यावर सगळ्यांनाच ती दिसते. पण तिथे तुमचा स्वतःचा कमाईचा मार्ग आधी हवा. नोकरी-धंदा सांभाळून वर्षातले काही आठवडे गणवेश, असा तो प्रकार. लेखी तिथेही आहे. बावीसच्या बेकार मुलासाठी तो पर्याय नाही. माझ्यासाठी कदाचित आहे.

आता एसएसबीबद्दल, कारण सीएपीएफ सोडून वरच्या सगळ्या वाटा तिथेच जातात. माझी पहिली भोपाळला होती. त्या वेळी लेखीत मला इंग्रजीत ७१ होते आणि पंजाब मेलमध्ये मी साहेब होऊनच बसलो होतो. पहिल्या दिवशी स्क्रीनिंग. आधी बुद्धिमत्तेचे प्रश्न, मग पडद्यावर एक धूसर चित्र तीस सेकंद, त्यावर चार मिनिटांत गोष्ट लिहायची, नंतर गटात सांगून चर्चा. मी ठाण्यातल्या एका क्लासला साठ हजार भरून आलो होतो. तिथे शिकवलेली गोष्ट डोक्यात तयार होती: नायक सुशिक्षित तरुण, गावात पाण्याचा प्रश्न, तो तरुणांना एकत्र आणतो. गटात आम्ही पंधरा जण. माझ्या आधी तिघांनी तीच गोष्ट सांगितली. एकाच्या नायकाचं नावही माझ्याच नायकाचं. समोर बसलेले अधिकारी काहीच लिहीत नव्हते, हे मला अजून आठवतं. दुपारी पुढे जाणाऱ्यांचे चेस्ट नंबर (छातीवर लावलेले क्रमांक) वाचले. माझा नव्हता. संध्याकाळी भोपाळ स्टेशनच्या बाकावर बसून आईला फोन केला, तर ती म्हणाली, "जेवलास का?" इंग्रजीचे ७१ मार्क त्या बाकावर माझ्याबरोबरच बसले होते.

त्यामुळे लेखीत कमी पडले म्हणून एसएसबीतही पडणार असं धरून चालू नका, उलटंही धरू नका. आणि साठ हजार भरायच्या आधी नाशिक रोडचं छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र बघा. राज्य सरकारचं आहे, महाराष्ट्रातल्या मुलांसाठी. एसएसबीची तयारी, राहणं, जेवण, सगळं फुकट. अट एवढीच की सीडीएस किंवा एनडीएची लेखी पास असावी, नाहीतर एनसीसी सी सर्टिफिकेटवरून किंवा टेक्निकल एंट्रीतून एसएसबीसाठी निवड झालेली असावी. निवडीची मुलाखत होते, चौकशी आपल्या जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात करायची. मला हे दुसऱ्या एसएसबीच्या वेळी कळलं. त्या खेपेला कॉन्फरन्सपर्यंत, म्हणजे शेवटच्या दिवसापर्यंत, पोचलो.

एअर फोर्सची एसएसबी घेणारी बोर्डं वेगळी असतात. मुंबईकराला गांधीनगरचं मिळालं तर रात्रीच्या गाडीने सकाळी हजर. एखाद्या एंट्रीतून पहिल्यांदा एसएसबीला गेलात की गाडीभाडं परत मिळतं, तिकीट जपून ठेवा. पुढच्या खेपांना खिशातून.

तर त्या पोराला मी काय सांगितलं? सीएपीएफ या वर्षी नको. ८०० मीटरमधले सत्तावीस सेकंद आणि इंग्रजी सारांश दोन्ही एकदम होणार नाहीत, आणि वयाची सवलत त्याला नाही. एएफकॅट भर, ग्राउंड ड्युटी, बी.कॉम.ला ६४ टक्के आहेत तर अकाउंट्सही टाक. सीडीएस भर, पण तयारी ओटीए धरून कर. गणिताच्या पुस्तकाला दिवसाचे तीन तास देत होतास ते जीकेला दे. ३१ चे ४५ होणं १७ चे ५० होण्यापेक्षा सोपं आहे. वडिलांशी बोलायला मी येतो.

वडील अर्धा तास ऐकून घेत होते. शेवटी त्यांनी एकच विचारलं, "दहा वर्षांनी बाहेर काढलं तर?" मी म्हटलं, तेव्हा तो पस्तिशीचा असेल, दहा वर्षं अधिकारी म्हणून काम केलेला. माझ्या बँकेत असे दोघं आहेत, दोघंही माझ्या वरच्या पदावर. ते उठून चहा सांगायला गेले. हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत.

सीडीएसच्या फॉर्मची मुदत काल संध्याकाळी सहापर्यंत होती. पावणेसहाला त्याचा स्क्रीनशॉट आला, ओटीएला खूण केलेली. खाली मेसेज: "दादा, फोटो अपलोड होत नाहीये, साईज किती पाहिजे?"