चेनलिंक जाळीचं कुंपण: एक पावसाळा आणि एक उन्हाळा उलटल्यावर

कुंपण बघायला आलेला प्रत्येक जण "जाळी कोणती घेतलीत?" असं विचारतो. खांब कसे रोवलेत, हे मात्र कोणी विचारत नाही. खरं तर पहिला प्रश्न तोच हवा. जाळी चांगली असूनही झोळ पडलेली कुंपणं मी पाहिली आहेत. माझं कुंपण आजही ताठ आहे, आणि त्याचं निम्म्याहून जास्त श्रेय कोपऱ्याच्या खांबांना जातं.

जाळी १० गेजची, म्हणजे तार साधारण सव्वातीन मिलिमीटर जाडीची. चौकट २ इंची, उंची ५ फूट. लोखंडी अँगलचे खांब ८-८ फुटांवर, प्रत्येकी २ फूट जमिनीत. कोपऱ्याला आणि टोकाला जाड अँगल, तो ३ फूट खोल आणि वर तिरके टेकू.

टेकूवर लोक हमखास काटकसर करतात, म्हणून त्याचं कारण नीट सांगतो. ताणलेली जाळी खांबांना रात्रंदिवस ओढत असते. मधल्या खांबाला ही ओढ दोन्ही बाजूंनी सारखीच असते, त्यामुळे त्याचं काम फक्त जाळी उभी धरण्याचं. टोकाच्या खांबाला ओढ एकाच बाजूने. कोपऱ्याच्या खांबाला दोन्ही रांगांकडून, आणि दोन्ही ओढी मिळून त्याला आत झुकवतात. म्हणून टेकू खांब ज्या बाजूला ओढला जातो त्याच बाजूला, कुंपणाच्या रांगेतच हवा. कोपऱ्याला असे दोन. टेकूचा पायही काँक्रीटमध्येच पक्का करायचा. नुसता मातीत रोवलेला टेकू पहिल्या जोरदार पावसात खचतो आणि मग खांबही हलतो.

खड्डे तळाशी थोडे रुंद ठेवले. सुतळी बांधून रांग धरली आणि प्रत्येक खांबाला ओळंबा लावला. काँक्रीट १:२:४ चं, म्हणजे एक भाग सिमेंट, दोन भाग वाळू, चार भाग खडी. ते जमिनीच्या किंचित वर आणून चहूबाजूंना उतार दिला, कारण खांब गंजतो तो बहुतेक वेळा जमिनीलगत, जिथे पाणी साचून राहतं. पावसाळाभर मी तिथेच लक्ष ठेवून होतो. रंग अजून शाबूत आहे.

काँक्रीटला आठवडाभर पाणी मारलं आणि त्यानंतरच जाळी ताणली. कारागिरांना घाई असते, पण इथे ऐकू नका. काँक्रीटला पूर्ण ताकद यायला २८ दिवस धरतात. आठवड्यात त्यातली साधारण दोन तृतीयांश येते आणि ताण द्यायला एवढी पुरते.

आधी वर, मध्ये आणि खाली अशा तीन आडव्या तारा ओढून घ्यायच्या, टोकाला टर्नबकल, म्हणजे फिरवून तार ताणायचे आटे, लावायचे. मग जाळीच्या कडेच्या चौकटींतून लोखंडी पट्टी ओवून ती खांबाला बोल्टने आवळायची. दुसऱ्या टोकालाही तशीच पट्टी ओवून ती साखळीच्या पुलरने ओढायची. हाताने ओढलेली जाळी त्या दिवशी छान दिसते, पुढे तिला पोट सुटतं. दोन तारा चिमटीत धरून दाबल्या तर त्या जेमतेम हलल्या पाहिजेत.

या जाळीची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे तिचे जोड. कडेची एक तार फिरवत फिरवत बाहेर काढायची, दोन गुंडाळ्या शेजारी धरायच्या आणि तीच तार पुन्हा फिरवत दोन्हींत ओवायची. जोड शोधूनही सापडत नाही. जास्तीची जाळीसुद्धा अशीच सुटी होते.

उन्हाळ्यात वरची तार थोडी सैल वाटली. लोखंड तापलं की वाढतंच: ३० मीटर लांबीत २० अंशांच्या फरकाने सुमारे ७ मिलिमीटर. त्यामुळे भर दुपारी टर्नबकल कचकचून आवळू नका, नाहीतर थंडीत तोच ताण खांबांवर येतो. सकाळच्या गारव्यात थोडंसं फिरवलं, पुरलं.

तक्रार एकच, बांधणीची. जाळी खांबांना बांधायला साधी काळी बायंडिंग तार वापरली होती, ती पावसाळ्यातच तांबूस झाली. जाळीला जस्ताचा मुलामा आणि तिला धरणारी तार उघडी, हे चालणारच नाही. आता सगळीकडे जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेली, तार घातली आहे.

कुत्री खालून उकरतात, त्यावर ही जाळी एकटी पुरत नाही. खालची तार जमिनीला टेकवून मध्ये मध्ये खुंट्या ठोकल्या, तेव्हा ते थांबलं. वेल मात्र चढवू नका. दाट पानांचा वेल चढला की जाळी वारा अडवायला लागते आणि तो सगळा जोर खांबांवर येतो.

वेल्डमेश, म्हणजे आडव्या-उभ्या तारा वेल्ड करून जोडलेली जाळी, घ्यावी का? सपाट जागेवर ती देखणी दिसते, पण वेल्डिंग झाल्यावर जस्त चढवलेलीच घ्या, नाहीतर गंज सांध्यांपासून सुरू होतो. जमीन चढउताराची असेल तर चेनलिंकच बरी, ती उताराबरोबर वळते.

आणि फाटक लावणार असाल तर त्याचे खांब वेगळे रोवा. जाळीचा ताण झेलणाऱ्या खांबावरच फाटक टांगलं, तर तो खांब जरासा कलला तरी कडी जुळत नाही.