ओम्नीच्या शाफ्टचा क्रॉस: निपलवाला घ्यावा की सीलबंद?

मारुती ओम्नीचं उत्पादन २०१९ मध्ये थांबलं, तरी सोलापुरात शाळेची मुलं आणि दुकानाचा माल नेणाऱ्या ओम्नी अजून रोज रस्त्यावर असतात. तिच्या प्रोपेलर शाफ्टचा, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या ॲक्सलपर्यंत ताकद नेणाऱ्या नळीचा, युजे क्रॉस (टोकाचा, अधिक चिन्हासारखा, कोनात फिरणारा सांधा) मागितला की काउंटरवर साधारण तीन प्रकार येतात. एक गाडीच्या कंपनीच्या खोक्यातला सीलबंद, दुसरा नावाजलेल्या पार्ट कंपनीचा ग्रीस निपल (ग्रीस भरायचं तोंड) असलेला आणि तिसरा पॉलिथिनच्या पिशवीतला, ज्यावर ना नाव ना नंबर. हे परीक्षण या तिन्हींचं आहे. निकाल आधीच सांगतो. दर पाच हजार किलोमीटरला ग्रीस गन घेऊन गाडीखाली जाणार असाल तर निपलवाला घ्या. जाणं होणार नसेल तर खोक्यातला सीलबंद घ्या. पिशवीतला कुणीच घेऊ नये.

क्रॉस झिजला की गाडी थरथरते. मात्र दुकानात जाण्याआधी ही थरथर खरंच क्रॉसची आहे का, ते ठरवा. जुनी गाडी थरथरायला लागली की आधी बॅलन्सिंग, मग टायर, मग शॉकअप असे पैसे जात राहतात आणि खराब क्रॉस तसाच फिरत राहतो.

पावसाळ्यात सुरुवात पाण्याच्या पाइपाने करा. आपल्याकडची काळी माती शाफ्टच्या नळीला आणि रिमच्या आतल्या बाजूला चिकटून वाळली की दगडासारखी होते. रिमच्या एका बाजूला मूठभर माती बसली तरी ६० च्या पुढे गाडी हादरते. शेतातल्या रस्त्याने जाऊन आल्यावर थरथर सुरू झाली असेल तर बहुतेक वेळा धुतल्यावरच ती जाते.

धुऊनही राहिली तर गाडी उभी ठेवून न्यूट्रलमध्ये रेस वाढवा. उभ्या गाडीतच थरथर आली तर इंजिन, माउंटिंगचे रबर, क्लच किंवा बॉडीला टेकणारा सायलेन्सर बघा, शाफ्टचा संबंध नाही. उभी असताना शांत असेल तर तुळजापूर किंवा विजापूर रोडवर पहाटे, मागे-पुढे वाहन नाही असं बघून, ज्या वेगाला थरथर येते त्या वेगाला न्यूट्रल करा. चावी बंद करायची नाही; स्टिअरिंग लॉक होण्याचा धोका असतो. न्यूट्रल करूनही थरथर तशीच राहिली तर चाकं, वाकडी नळी किंवा शाफ्टचं बॅलन्स. ॲक्सिलरेटर दाबताना येते आणि सोडला की जाते किंवा बदलते, तर क्रॉस, शाफ्टचा कोन किंवा माउंटिंग. पहिल्या गिअरवरून रिव्हर्सला टाकताना खालून ‘खट्’ आवाज येत असेल तर क्रॉसवरचा संशय आणखी वाढतो.

यापुढची तपासणी मोबाइलवर होते आणि ती फुकट आहे. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाचं फिफॉक्स नावाचं ॲप आहे. त्यात ॲक्सिलरेशन स्पेक्ट्रम उघडा, फोन मागच्या फ्लोअरवर दोन बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने पक्का बसवा आणि शेजारी बसणाऱ्याला वाचायला सांगा. गाडी चालवणाऱ्याने फोनकडे बघायचं नाही. ओम्नीच्या १४५ आर १२ टायरचा घेर साधारण १.७ मीटर. म्हणजे ४० च्या वेगाला चाक सेकंदाला साधारण साडेसहा फेरे मारतं. डिफरन्शियलचं (मागच्या ॲक्सलवरच्या गिअरच्या डब्याचं) प्रमाण, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे फेरे, ५ च्या आसपास धरलं तर शाफ्ट सेकंदाला ३३-३४ फेरे फिरतो. आलेखातलं टोक साडेसहा-सात हर्ट्झजवळ (सेकंदाला तेवढे धक्के) असेल तर चाक किंवा टायर, ३३ जवळ असेल तर शाफ्टचं बॅलन्स किंवा वाकलेली नळी. क्रॉस आणि कोनाचा दोष शाफ्टच्या एका फेऱ्यात दोनदा धक्का देतो, म्हणून त्याचं टोक ६७ जवळ दिसतं.

इथे एक सापळा आहे. चौथा गिअर थेट, म्हणजे १:१ असतो, त्यामुळे चौथ्यात इंजिन आणि शाफ्ट एकाच वेगाने फिरतात आणि ३३ चं टोक कुणाचं हे कळत नाही. त्याच वेगाला तिसऱ्या गिअरवरही रीडिंग घ्या. टोक जागेवर राहिलं तर दोष गिअरबॉक्सच्या मागे, सरकलं तर इंजिनकडे. शिवाय ओम्नीचं इंजिन तीन सिलिंडरचं, म्हणजे एका फेऱ्यात दीड स्फोट. चौथ्या गिअरवर ५० जवळ जे टोक दिसतं ते इंजिनच्या नेहमीच्या चालण्याचं आहे, त्याला दोष समजू नका.

तुमच्या गाडीचं नेमकं प्रमाण काढायचं तर समोरची दोन्ही चाकं दोन्ही बाजूंनी अडवा, मागचं एकच चाक उचला, ॲक्सलखाली स्टँड लावा, गिअर न्यूट्रल आणि हँडब्रेक मोकळा. चाकावर आणि शाफ्टवर खडूने खूण करा. उचललेलं चाक बरोबर दोन फेरे फिरवा आणि तेवढ्यात शाफ्ट किती फिरला ते मोजा. तेच प्रमाण. दुसरं चाक जमिनीवर अडलेलं असल्यामुळे दोन फेरे मारावे लागतात, एकच मारला तर आकडा निम्मा येतो.

आता हाताने खात्री. चाकं अडवून, न्यूट्रलमध्ये, क्रॉसच्या दोन्ही बाजू दोन हातांनी धरून उलटसुलट पिळा. पूर्ण शाफ्टच थोडा फिरत असेल तर ती डिफरन्शियलची नेहमीची ढिलाई आहे. क्रॉसच्या आत, म्हणजे एक योक (क्रॉसला धरणारा दोन कानांचा काटा) स्थिर आणि दुसरा हलतोय, असं जाणवलं तर क्रॉस संपला. सीलच्या कडेला तांबडी भुकटी दिसली तर ढिलाई जाणवण्याचीही वाट बघू नका. आतल्या निडल (बेअरिंगच्या बारीक सुया) कोरड्या पडून गंजल्या की ती भुकटी बाहेर पडते.

आता मूळ मुद्दा, तीन क्रॉस.

सीलबंद क्रॉसच्या आत ग्रीससाठी भोकं पाडलेली नसतात, म्हणून त्याचा गाभा भरीव आणि जास्त मजबूत. सीलही बहुधा चांगले असतात. उणीव एवढीच की आत भरलेलं ग्रीस हीच त्याची शिदोरी. सील कडक होऊन धूळ आत गेली की तो बदलायचा. निपलवाल्याच्या गाभ्यात मधोमध आणि चारही हातांत भोकं असतात, त्यामुळे ताकद थोडी कमी. ओम्नीच्या ३५ बीएचपीच्या आसपासच्या इंजिनला ती भरपूर आहे. फायदा हा की ताजं ग्रीस दाबलं की आतली धूळ आणि पाणी सीलमधून बाहेर ढकललं जातं. मातीच्या रस्त्याने आणि पावसाच्या पाण्यातून जाणाऱ्या गाडीला हा फायदा फार मोठा आहे. पण ग्रीस न मारता चालवलेला निपलवाला सीलबंदाच्याही आधी जातो. तो घ्यायचा तर गनही घ्या.

पिशवीतल्या क्रॉसवर सगळ्यात मोठा आक्षेप मापाचा आहे. दुकानातच व्हर्निअर लावा. चारही कपांचा (क्रॉसच्या हातांवर बसणाऱ्या, आत निडल असलेल्या टोप्यांचा) बाहेरचा व्यास एकसारखा हवा आणि समोरासमोरच्या कपांच्या टोकापासून टोकापर्यंतची लांबी दोन्ही जोड्यांत सारखी हवी. कप योकमध्ये ढिला बसला तर सर्कलिप (कप जागेवर धरणारी स्प्रिंगची कडी) लावूनही शाफ्ट मध्यावरून सरकतो, आणि मग नवा क्रॉस टाकूनही ३३ हर्ट्झचं टोक उगवतं. कप काढून आत बघा: निडल एकमेकींना लागून, पूर्ण रांगेत हव्यात. एक निडल मावेल एवढी फट दिसली तर क्रॉस परत द्या. क्रॉसच्या हातावर नख फिरवा, लेथच्या रेघा नखाला लागता कामा नयेत. सर्कलिप हाताने दाबून बघा, वाकून तशीच राहिली तर तिच्यावर विश्वास नको. एका किटमध्ये एक क्रॉस, चार कप, चार सर्कलिप येतात. शाफ्टला दोन क्रॉस असतात, म्हणून दोन किट घ्या आणि दोन्ही एकाच कंपनीची घ्या.

बसवण्याचं काम घरी होतं. बेंच वाइस, दोन सॉकेट, सर्कलिप प्लायर, हातोडी, सेंटर पंच आणि गाडी मागून उचलायला दोन दणकट स्टँड हवेत. नुसत्या जॅकवर गाडीखाली जायचं नाही, विटांवर तर मुळीच नाही. गाडी मागूनच उचला. पुढून उचलली तर शाफ्ट ओढताच गिअरबॉक्सचं तेल मागून वाहतं. सोडण्याआधी तीन खुणा करा: शाफ्टची फ्लँज (बोल्टने जोडायची तबकडी) आणि डिफरन्शियलची फ्लँज यांवर एक आडवी, आणि प्रत्येक क्रॉसच्या दोन योकांवर एकेक. नळीवर वेल्ड केलेल्या छोट्या पट्ट्या दिसतील. त्या बॅलन्सच्या आहेत, त्यांना हातोडी लागू देऊ नका.

सर्कलिप काढून वाइसमध्ये एका बाजूला कपापेक्षा किंचित लहान सॉकेट, दुसऱ्या बाजूला कप आत मावेल असा मोठा सॉकेट धरून दाबा. जुना कप बाहेर येतो. योकची भोकं आणि सर्कलिपची खाच ब्रशने साफ करा, खाचेत गंज राहिला तर सर्कलिप अर्धीच बसते. काढलेला क्रॉस फेकण्याआधी त्याचे हात बघा. निडलच्या रांगा उमटल्यासारख्या खाचा असतील तर निदान बरोबर होतं.

नवा कप दाबताना जी चूक सगळ्यात जास्त होते ती अशी. क्रॉसचा हात कपात सरळ शिरला नाही तर एखादी निडल आडवी होऊन कपाच्या तळाशी पडते. कप सरकत येतो, शेवटचे दोन-तीन मिलिमीटर अडतो आणि सर्कलिपची खाच उघडी पडत नाही. इथे हातोडी मारली की निडल मोडते आणि नवा क्रॉस पहिल्या फेरीलाच खराब. अडला की थांबा, कप मागे घ्या, काडीने निडल उभी करून ग्रीसने चिकटवा आणि क्रॉसचा हात समोरच्या बाजूने कपात आधी पोचवून मग पुन्हा दाबा. चारही सर्कलिप बसल्यावर योकच्या कानांवर हलके ठोके द्या, म्हणजे कप बाहेर सरकून सर्कलिपला टेकतात आणि जॉइंट मोकळा होतो. हाताने हलवताना थोडा घट्टपणा हवा, पण अडकायला नको आणि ढिलाई तर अजिबात नको. निपलचं तोंड शाफ्टच्या नळीकडे ठेवा, नाहीतर गन लागतच नाही.

ग्रीस सुटं मिळणारं स्वस्त चेसिस ग्रीस नको. साधं कॅल्शियम ग्रीस उष्णतेला टिकत नाही, आणि सोलापूरचा मे ४० च्या वर जातो, गाडीखालच्या सायलेन्सरची उष्णता वेगळी. एनएलजीआय २ (हा घट्टपणाचा दर्जा) चं लिथियम ईपी, म्हणजे जास्त दाब सोसणारं, ग्रीस घ्या. चारही सीलमधून ताजं ग्रीस डोकावेपर्यंत पंप मारा. तीनच बाजूंनी आलं तर चौथीची वाट बंद आहे. योक हलवत पुन्हा मारा, तरीही आलं नाही तर तो क्रॉस उघडावाच लागेल.

दोन्ही टोकांचे योक एकाच प्रतलात असायला हवेत. क्रॉस कोनात फिरताना शाफ्टचा वेग फेऱ्यात दोनदा कमी-जास्त होतो, १० अंशांच्या कोनाला सुमारे दीड टक्का, ३ अंशांना जेमतेम ०.१४ टक्का. दुसऱ्या टोकाचा क्रॉस हा फरक उलटा फेडतो, पण दोन्ही कोन सारखे आणि योक एका रेषेत असतील तरच. म्हणूनच माल भरायला कमानपाट्यांत जादा पाटा घातलेल्या गाड्यांमध्ये नवा क्रॉस टाकूनही थरथर जात नाही. पाटा वाढला की मागचा ॲक्सल खाली जातो आणि पुढचा-मागचा कोन जुळत नाही. मोबाइलचं कोन मोजणारं ॲप गिअरबॉक्सचं मागचं टोक, नळी आणि डिफरन्शियलची फ्लँज यांवर लावून तीन आकडे घ्या. दोन क्रॉसच्या कोनांत एक अंशापेक्षा जास्त फरक असेल तर ॲक्सल आणि पाट्याच्या मधे तिरपी पट्टी घालावी लागते, ते काम कमानपाटेवाल्याचं. चाकं लटकवून, गाडी स्टँडवर चालू करून हे तपासू नका. लटकलेल्या ॲक्सलचा कोन खोटा असतो आणि फिरणारा शाफ्ट माणूस ओढून घेतो.

३३ चं टोक तरीही राहिलं तर नळी लेथवर फिरवून डायल गेजने बघून घ्या. अर्ध्या मिलिमीटरच्या वर वाकडी असेल तर बॅलन्सिंगच्या आधी सरळ करायला द्या.

शाफ्ट बसवताना गिअरबॉक्सच्या मागच्या सीलची कड बघा, कापलेली असेल तर आत्ताच बदला. गळालेलं तेल जीएल-४ दर्जाच्या ८० डब्ल्यू ९० ने भरा. डिफरन्शियलचं जीएल-५ इथे ओतू नका, त्यातली काही रसायनं सिंक्रोनायझरच्या (गिअर जुळवणाऱ्या कड्यांच्या) पितळेला खातात. फ्लँजचे चारही बोल्ट समोरासमोर आवळा, आणि साधारण ५०० किलोमीटरनंतर तेच चार बोल्ट पान्ह्याने पुन्हा तपासा.