जुन्या डर्ट बाइकचे मागचे शॉकअप घेत असाल तर आधी हे वाचा

राजेहो, ज्यांच्याकडे जुनी येझदी, राजदूत नाहीतर आरएक्स डर्टसाठी बनवलेली आहे आणि मागच्या शॉकअपची जोडी शोधून राहिले त्यांच्यासाठी हे लिहितो. "विंटेज मोटोक्रॉसचे इम्पोर्टेड गॅस शॉकअप, न वापरलेले" म्हणून एक जण माल विकून राहिला (मोटोक्रॉस म्हणजे मातीतली गाड्यांची शर्यत). त्यानं माझे साडेअठरा हजार खाल्ले. पैसा एकवेळ जाऊ द्या, पण माझा पुतण्या त्या शॉकअपमुळं गाडीवरून पडला, त्याचं गळ्याजवळचं हाड मोडलं आणि ऐन तुरीच्या काढणीत पोरगा हात गळ्यात बांधून बसला. म्हणून सगळं सांगतो, लांब होईल, पण पूर्ण वाचा.

गाडी आमच्या काकांची, येझदी २५०. यवतमाळ जिल्ह्यातलं आमचं गाव, काकांना मातीत गाडी पळवायचा भारी शौक, ८० च्या दशकात त्यांनी ही गाडी डर्टसाठी करून घेतली होती. चिमटा (मागचं चाक धरणारा लोखंडी दांडा) लांब केलेला, मडगार्ड वर उचललेलं, सायलेन्सर वरून काढलेला आणि मागं कंपनीपेक्षा लांब शॉकअप, बोल्टच्या भोकाच्या मध्यापासून दुसऱ्या भोकाच्या मध्यापर्यंत ३६० मिमी. काका गेले, गाडी राहिली, ती आम्ही विकणार नाही. पण शॉकअप पार संपले होते, डाव्याचं ऑइल सील गेलेलं, दांडीला गंज, गाडीवर बसलं की मागचं खाली जायचं ते जायचंच. येझदी बनवणारी म्हैसूरची कंपनी १९९६ ला बंद पडली, आणि २०२२ ला येझदी नावानं ज्या नव्या गाड्या आल्या त्यांचं सामान जुन्या गाडीला लागत नाही, म्हणजे आपल्यासारख्यांना भंगार, ओळखीपाळखी आणि फोनवरच्या जाहिराती एवढंच उरते. अशाच लोकांवर हे लोक टपून असतात.

त्या माणसाची जाहिरात पाहिली, फोन केला. बोलणं एकदम गोड, प्रत्येक वाक्याला "भाऊ". आणि माहिती अशी द्यायचा की समोरच्याला वाटावं हा जाणकार आहे. म्हणे हे शॉकअप चेकोस्लोव्हाकियाच्या सीझेड मोटोक्रॉस गाडीचे आहेत, १९६८ चे, ज्या गाडीवर जोएल रोबेर वर्ल्ड चॅम्पियन झाला तीच गाडी, तुमची येझदी पण जावाच्याच घराण्यातली, एकदम फिट बसतील. आता यात लबाडी कुठं आहे ते पाहा. रोबेर १९६४, १९६८ आणि १९६९ ला सीझेडवर २५० सीसीचा वर्ल्ड चॅम्पियन झाला हे खरं आहे, येझदीचं मूळ जावा, म्हणजे चेकोस्लोव्हाकियाचीच गाडी, हे पण खरं. पण यानं जे शॉकअप दाखवले त्यांना बाजूला गॅसचा डबा होता, आणि बाहेर डबा असलेले शॉकअप मोटोक्रॉसमध्ये दिसायला लागले ते ७० च्या दशकात, जेव्हा मागच्या चाकाची उठबस वाढवली आणि तेल तापायचा प्रॉब्लेम सुरू झाला. १९६८ च्या गाडीला असला डबा नसतेच. खऱ्या गोष्टीत एक खोटी गोष्ट गुंडाळून द्यायची, ही त्याची पद्धत.

टेप लावून ३६० मिमी मोजलेला व्हिडिओ पाठवला, सहा हजार ॲडव्हान्स मागितला, "पुण्याचं एक गिऱ्हाईक रोख घेऊन उभं आहे" म्हणून घाई केली, बाकीचे कुरिअर निघायच्या आधी यूपीआयवर. पार्सल आलं तेव्हा माल दिसायला खरंच चांगला होता, पिवळी स्प्रिंग, काळं पावडर कोटिंग, डब्यावर फिरवायचं लाल बटण आणि ते कटकट आवाज करत फिरायचं पण.

आमचे मिस्त्री चाचा, काकांच्या वेळेपासून हीच गाडी हातात. त्यांनी डबल स्टँडवर घेऊन एका वेळी एकच बाजू खोलली, म्हणजे चिमटा खाली लोंबत नाही आणि बोल्ट सरळ जातो. बसवायच्या आधी त्यांनी शॉकअप जमिनीवर उभा धरून अंगाचा भार टाकला आणि म्हणाले, "भाऊ, हा जाताना जड आहे अन येताना पण तेवढाच जड आहे, हे काही मले बरोबर नाही वाटून राहिलं." त्यांच्यासमोरच मी विकणाऱ्याला फोन लावला. तो म्हणे गॅसचं प्रेशर जास्त आहे, नवीन माल आहे, दोनशे किलोमीटर चालवा मग सेट होते, आणि स्प्रिंग अजिबात खोलू नका, खोलली की वॉरंटी गेली.

हे दोनशे किलोमीटर आणि हे "खोलू नका" नीट लक्षात ठेवा. खोललं की पितळ उघडं पडते म्हणून खोलू द्यायचं नाही, आणि दोनशे किलोमीटर म्हणजे आपल्या गावाकडं दोन-तीन आठवडे, तोपर्यंत त्याच्या खात्यातला पैसा पुढं सरकून गेलेला असते. ऑनलाइन फसवणुकीसाठी १९३० नंबर आहे, तिथं लगेच, काही तासात फोन गेला तर पैसा खात्यातच अडवता येते. म्हणून हे लोक माल पाठवतात, काहीतरी पाठवतातच, आणि मग वेळ काढतात.

बसवल्यावर सुरुवातीला गाडी कडक वाटायची, दहा-पंधरा मिनिटं मातीत चालवली की मागून उसळी मारायला लागायची, जणू शॉकअप नाहीच, नुसती स्प्रिंग आहे. परत फोन केला, परत तेच, "सेट होऊन राहिलं भाऊ." मग एक दिवस पुतण्या वावरातून घरी येत होता, पांदणीनं. आपल्याकडची काळी माती, पावसाळ्यात ट्रॅक्टरनं पडलेल्या चाकोऱ्या हिवाळ्यात दगडासारख्या वाळतात ते तुम्हाला माहीत आहे. वेग काही नव्हता, सेकंड गिअर. एका चाकोरीत मागचं चाक गेलं आणि डाव्या शॉकअपची खालची रिंग तुटून वेगळी झाली. सगळा भार उजव्यावर आला, चिमटा पिळला, चाक तिरपं झालं, चेन उतरून चक्क्यात अडकली आणि मागचं चाक जाम. पोरगा धुऱ्यावर खांद्यानं आपटला. डोक्यात हेल्मेट होतं म्हणून मी हे लिहू शकून राहिलो. हाच तुकडा रोडवर साठच्या स्पीडला तुटला असता आणि मागून ट्रक असता तर काय झालं असतं ते मनात आलं की अजून झोप उडते.

पोराला यवतमाळला नेलं, पट्टा बांधला, आणि दुसऱ्या दिवशी मी आणि चाचांनी तो शॉकअप व्हाइसच्या शिकंज्यात धरून उभा चिरला. मी व्हिडिओ काढला सगळा. आत काय निघालं ते एकेक सांगतो.

तुटलेल्या जागी जे दिसलं ते सगळ्यात वाईट. शॉकअप मुळात ३६० मिमीचा नव्हताच. कोणत्यातरी साध्या रोजच्या गाडीचा छोटा शॉकअप, त्याची खालची रिंग कापून मधात लोखंडाचा तुकडा टाकून लांबी वाढवलेली, वरून ग्राइंडर मारून पावडर कोटिंग. आणि वेल्डिंग भाकरीच्या पापुद्र्यासारखं, नुसतं वरवर. तुटलेला भाग उजेडात धरला तर कडेला बारीकशी चकचकीत गोल रेघ, म्हणजे तेवढंच धरून होतं, आणि मधात पूर्ण तांबडा जुना गंज, दोन लोखंडं आत जुळलीच नव्हती. वेल्डिंगमध्ये सुईच्या टोकाएवढी छिद्रं. चाचांनी ते बोटानं चाचपलं, बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "हे ज्यानं केलं त्याले माहीत होतं हे तुटते म्हणून." मला पण तेच वाटते. हा माणूस अडाणी नाही, याला सगळं समजते.

मग डबा. डब्यातून शॉकअपमध्ये जायला भोकच नाही. बाहेरून चिकटवलेला पोकळ डबा, आत ना गॅस ना तेल ना पिस्टन. लाल बटणाच्या खाली एक छर्रा आणि छोटी स्प्रिंग, फक्त कटकट आवाजासाठी. गॅस भरायचा व्हॉल्व्ह म्हणून जे होतं ते ट्यूबच्या व्हॉल्व्हचं टोक नुसतं ठोकून बसवलेलं. आणि शॉकअपच्या पोटातून निघालं ते काळं घट्ट तेल, वास आणि चिकटपणा सरळ गिअर ऑइलचा. इथं सगळा उलगडा झाला. आतले व्हॉल्व्ह झिजलेले असले तरी घट्ट तेल भरलं की थंड असताना हाताला जड लागते, गिऱ्हाइकाला वाटते माल टाइट आहे. दहा मिनिटं खड्ड्यातून चालवलं की तेल तापून पातळ होते आणि धरायला काही राहत नाही. दांडीवर गंजाचे खड्डे होते, त्यावर क्रोमसारखा दिसणारा पेंट मारलेला, नखानं निघाला.

चांगल्या शॉकअपची स्प्रिंग काढून दांडी हातानं दाबली तर आत त्यामानानं सोपी जाते आणि बाहेर ओढताना जास्त अडते, कारण दाबलेली स्प्रिंग एकदम उसळू नये हेच त्या तेलाचं काम आहे. चाचांना जे खटकलं ते हेच. आणि खरंच गॅस भरलेला असेल तर स्प्रिंगशिवाय दांडी आत दाबून सोडली की ती हळूहळू आपोआप बाहेर येते, आमची दाबली तिथंच बसून राहिली. उजवा शॉकअप अजून न चिरता ठेवलेला आहे, त्यावर पण हेच करून पाहिलं, तोच प्रकार. विकणारा स्प्रिंग खोलू देत नसेल, खोलून दांडी दाबल्याचा व्हिडिओ मागितल्यावर विषय बदलत असेल, तर एक रुपया पाठवू नका. दोन्ही टोकाच्या रिंगजवळचे क्लोजअप पण मागा, जिथं रिंग बॉडीला मिळते तिथं पेंट जाड दिसला, घासल्याच्या रेघा दिसल्या की समजून जा.

त्याला चिरलेल्याचे फोटो पाठवले तर म्हणे "तुम्ही खोललं, आता जबाबदारी आमची नाही." पोरगा पडला म्हणून सांगितलं तर ब्लॉक केलं. एक शब्द विचारला नाही पोराबद्दल. १९३० वर तक्रार केली, पण खात्यात काहीच शिल्लक नव्हतं. पोलिसात भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीचा लेखी अर्ज दिला आहे, सोबत चॅट, यूपीआयच्या पावत्या, कुरिअरची स्लिप आणि चिरतानाचा व्हिडिओ. जिल्हा ग्राहक आयोगात पण टाकून राहिलो, २०१९ च्या कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्यात केस टाकता येते, विकणारा कुठला का असेना, आणि पाच लाखापर्यंतच्या मालाला फी लागत नाही. वकील नसला तरी चालते. पैसे येतील न येतील, पण त्याचं नाव कागदावर यायला पाहिजे, कारण अकोल्याकडच्या एका भावाला पण असाच माल गेला. आम्ही फोटो जुळवून पाहिले, मेणकापड तेच, टेप तीच, शॉकअपच्या डब्यावरचा ओरखडा पण तोच, म्हणजे दाखवायची जोडी एकच आणि पाठवायचा माल वेगळा.

गाडीचं म्हणाल तर काकांचे जुनेच शॉकअप परत खोलले, दांड्या अमरावतीला घासून हार्ड क्रोम करून आणल्या, नवे सील, नवे बुश, आणि गिअर ऑइल नाही तर फोर्क ऑइल. स्प्रिंग न लावता चाक हातानं पूर्ण वर उचलून पाहिलं, टायर मडगार्डला लागत नाही आणि चेन कुठंच ताणत नाही, मगच बोल्ट आवळले. खर्च त्या लुटलेल्या रकमेच्या अर्ध्याहून कमी आला. तुमच्या जुन्या जोडीची बॉडी सरळ असेल, पिचकलेली नसेल, तर आधी ह्या रस्त्यानं जा.

त्याचा नंबर बदलत राहते, नाव पण बदलते, म्हणून फोटो ओळखा: निळ्या फुलांच्या मेणकापडावर आडवी ठेवलेली जोडी, पिवळी स्प्रिंग, लाल बटण, बाजूला पिवळी टेप आणि उजव्या डब्यावर तिरपा ओरखडा. असा फोटो कोणाला आला असेल, किंवा पैसे आधीच गेले असतील, तर मला कळवा. आपले अर्ज एकत्र गेले तर पोलिसांना पण धागा लागेल. आणि शॉकअप गाडीला बसवलेले असतील तर आजच काढा, उद्यावर ठेवू नका.