काचबिंदूचे थेंब : एक बाटली नेमकी किती दिवस जाते?

मोतीबिंदूचा खर्च एकदाच होतो. काचबिंदूचे तसे नाही. डोळ्याच्या नसेचे झालेले नुकसान भरून येत नाही, पुढचे थांबावे म्हणून डोळ्याचा दाब कायम आटोक्यात ठेवायचा, म्हणजे बहुतेकांना थेंब जन्माचे. कोणाला कोणते औषध लागू पडेल ते डॉक्टर ठरवतील. इथे बाजारात मिळणाऱ्या थेंबांकडे खिशाच्या बाजूने बघू.

सगळ्यात स्वस्त टिमोलॉल. 0.5 टक्के, 5 मिलीची बाटली, दिवसातून दोनदा, आणि बहुतेक ब्रँड शंभर रुपयांच्या आत. भावाला तोड नाही, पण दमा असलेल्याला किंवा हृदयाचे ठोके मंद असलेल्याला हे चालत नाही. थेंब डोळ्यात टाकला तरी नाकाच्या वाटेने रक्तात उतरतो आणि श्वासनलिका आवळू शकतो. दम्याचे न सांगता ‘स्वस्तातले लिहून द्या’ म्हणणे भलतेच महागात पडू शकते.

दुसरा गट लॅटानोप्रोस्ट, ट्रॅव्होप्रोस्ट, बायमॅटोप्रोस्ट यांचा. रात्री एकदाच टाकायचे, दाब चांगला उतरवतात, छातीच्या दृष्टीने टिमोलॉलपेक्षा निर्धास्त. बाटली मात्र 2.5 किंवा 3 मिलीची, आणि ब्रँडप्रमाणे साधारण चारशे ते सहाशे रुपयांची. डोळे लाल होणे, पापण्या लांब आणि दाट होणे, डोळ्याभोवतीची कातडी काळवंडणे हे त्यांचे दुष्परिणाम. (पापण्या वाढाव्यात म्हणून बायमॅटोप्रोस्ट मुद्दाम विकत घेणारेही आहेत.) लॅटानोप्रोस्ट 2022च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आले आहे.

आता हिशेब. एका मिलीत ढोबळमानाने तीस थेंब धरा. लॅटानोप्रोस्टची 2.5 मिलीची बाटली म्हणजे पंचाहत्तर. दोन्ही डोळ्यांत रोज एकेक टाकला तर बाटली 37 दिवस जायला हवी. वर्षाला दहा बाटल्या. पाचशेची बाटली असेल तर पाच हजार रुपये. बऱ्याच घरांत तीच बाटली अठरा-वीस दिवसांत संपते आणि वर्षाचे दहा हजार होतात. औषध तेच, डॉक्टर तेच. फरक पडतो तो थेंब टाकण्यात.

पापणीच्या आत जेमतेम एक थेंब मावतो, दुसरा गालावरून ओघळतो. ‘पडला की नाही कळले नाही’ म्हणून टाकलेला जादा थेंब म्हणजे सहा-सात रुपये गालावर. रीत अशी : मान मागे, खालची पापणी बोटाने ओढून खळगा करायचा, बाटलीचे टोक पापणीला न लावता एकच थेंब सोडायचा. मग डोळा मिटून नाकाकडचा कोपरा बोटाने एक-दोन मिनिटे दाबून धरायचा. औषध डोळ्यात राहते आणि रक्तात कमी जाते. दोन वेगवेगळे थेंब असतील तर मध्ये पाच मिनिटे जाऊ द्यायची, नाहीतर दुसरा पहिल्याला धुऊन काढतो. ब्रिन्झोलॅमाइड या काचबिंदूच्याच थेंबांची बाटली आधी हलवून घ्यायची, कारण त्यात औषध तळाशी बसते. हात थरथरत असेल तर आडवे झोपून टाकावे, किंवा घरातल्या कोणाकडून टाकून घ्यावे.

बाटलीच्या प्लॅस्टिकचाही इथे संबंध येतो. स्वस्त जेनेरिकची बाटली फार मऊ असेल तर दाबताच दोन-तीन थेंब एकदम पडतात आणि छापील किमतीत वाचलेले पैसे तिथेच जातात. उलट काही बाटल्या इतक्या कडक असतात की संधिवाताच्या बोटांना दाबवतच नाहीत. नवी कंपनी घेताना आधी एकच बाटली आणा, झाकणावर उघडल्याची तारीख लिहा आणि ती किती दिवस गेली ते बघा. किमतीला त्या दिवसांनी भागले की खरा भाव कळतो.

एकाच डोळ्यात थेंब टाकणाऱ्याचे मात्र नुकसान ठरलेले. उघडलेली बाटली साधारण चार आठवड्यांत, लॅटानोप्रोस्टची सहा आठवड्यांत टाकून द्यायची असते. मुदत लेबलवर असते. त्यामुळे निम्मे औषध कचऱ्यात जाते. ते वाचवायला जुनी बाटली ओढत नेऊ नका. डोळ्याला जंतुसंसर्ग झाला तर खर्च कुठल्या कुठे जाईल.

एका औषधाने भागले नाही की जोड औषध येते : डॉर्झोलॅमाइड आणि टिमोलॉल, किंवा ब्रिमोनिडिन आणि टिमोलॉल. दोन वेगळ्या बाटल्यांपेक्षा एक बाटली सोयीची, आणि बहुधा स्वस्तही. यात एक गफलत नेहमी होते. जोड औषध सुरू झाले तरी घरातली जुनी टिमोलॉलची बाटली ‘संपेपर्यंत’ चालू राहते आणि टिमोलॉल दुप्पट जाते. ब्रिमोनिडिनने काही महिन्यांनी डोळे लाल होऊन खाज सुटली तर ती ॲलर्जी असू शकते. डॉक्टरांना न विचारता त्यावर ॲलर्जीचे आणखी थेंब आणणे म्हणजे दुहेरी भुर्दंड.

खरेदी कुठे करावी? जनऔषधी केंद्रात भाव निश्चितच कमी. अडचण साठ्याची आहे : यादीत औषध असते, फळीवर नसते. जनऔषधी सुगम ॲपवर औषध आणि जवळचे केंद्र शोधता येते, तरी निघण्याआधी फोन करा. चिठ्ठीवर ब्रँडऐवजी औषधाचे मूळ नाव आणि टक्केवारी लिहून मागा. बायमॅटोप्रोस्ट 0.01 आणि 0.03 टक्के असे दोन्ही मिळते आणि दुकानदार हातात येईल ते देतो. ऑनलाइन मागवले तर सूट बरी असते, पण बऱ्याच कंपन्यांचे लॅटानोप्रोस्ट उघडण्यापूर्वी 2 ते 8 अंशांत ठेवायचे असते. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे ते साध्या पाकिटात आले तर घेऊ नये. त्या दिवसांत गल्लीतला फ्रिजवाला मेडिकल बरा, भले दहा टक्के जास्त गेले तरी. आणि बाटली संपायच्या आठवडाभर आधी दुसरी घरात हवी. थेंब चुकले तरी दुखत नाही, म्हणूनच ते बिनबोभाट चुकत राहतात.

तपासण्यांचा खर्चही धरायला हवा. फील्ड टेस्ट (नजरेचा घेर मोजणारी) साधारण वर्षातून एक-दोनदा, शिवाय ओसीटी (डोळ्याच्या नसेचा स्कॅन). डॉक्टर बदलताना सगळे जुने प्रिंट सोबत न्या. वेगळ्या कंपनीच्या यंत्रावरचा ओसीटी जुन्याशी ताडता येत नाही आणि मग पहिल्यापासून सुरुवात होते. शक्यतो एकाच ठिकाणी तपासून घेतलेले परवडते.

या सगळ्यात कमी विचारला जाणारा पर्याय एसएलटी लेसरचा, म्हणजे लेसर मारून डोळ्याचा दाब उतरवण्याचा आहे. कोन (डोळ्यातले पाणी बाहेर जाण्याची वाट) उघडा असलेल्या काचबिंदूत तो थेंबांआधीही करता येतो. बधिर करणारे थेंब टाकून काही मिनिटांत होतो, भरती व्हावे लागत नाही. ब्रिटनमधल्या लाइट चाचणीचे निष्कर्ष 2019 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात लेसरने सुरुवात केलेल्या सुमारे 74 टक्के रुग्णांना तीन वर्षांनंतरही थेंबांची गरज पडली नव्हती. परिणाम कायमचा नसतो, पुन्हा करावा लागू शकतो आणि दाबाची तपासणी सुटत नाही. कोन बंद असेल तर हा उपाय लागू नाही, आणि आपल्याकडे तसे रुग्ण कमी नाहीत. म्हणून प्रश्न दोन विचारा : माझा कोन उघडा आहे का, आणि लेसरचे शुल्क किती बाटल्यांच्या किमतीएवढे आहे? दोन-तीन वर्षांच्या थेंबांपेक्षा कमी येत असेल तर गंभीरपणे विचार करावा.

साधा मेडिक्लेम बाह्यरुग्ण औषधांचे पैसे देत नाही. महात्मा फुले जनआरोग्य योजना शस्त्रक्रिया आणि उपचारांच्या पॅकेजवर चालते, रोजच्या थेंबांचे बिल तिच्यात बसत नाही. सीजीएचएस (केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची आरोग्य योजना) किंवा ईएसआयचे (कामगार विमा) कार्ड असेल तर थेंब तिथूनच घ्यावेत. साठ ओलांडलेल्या आणि आरोग्य विमा नसलेल्या माणसाच्या औषधपाण्यावर, जुन्या करप्रणालीत, वर्षाला 50,000 रुपयांपर्यंत वजावट मिळते. अट अशी की पैसे रोखीने दिलेले नकोत. मेडिकलवाल्याला यूपीआयने द्या आणि पक्के बिल रुग्णाच्या नावाने मागून घ्या.