परभणीत छापून घेतलेलं बेसबॉलचं स्कोअरबुक, वर्षभर वापरून सांगतोय

आमच्या परभणीत एक छापखानेवाले आहेत, तसं काम बिलबुक पावतीबुकाचं पण ऑर्डर दिली की बेसबॉलचं स्कोअरबुक पण करून देतात, १२० रुपयाला एक. मुलींच्या टीमसाठी मागच्या सीझनला ६ घेतली.

पुढची बॅटिंगची पानं सगळीकडं असतात तशीच. पैसे वसूल होतात ते मागच्या पानांवर. प्रत्येक पोरीला स्वतःचं पान, एका मॅचला एक ओळ, पुटआऊट (स्वतः आऊट केलं), असिस्ट (बॉल फेकून दुसरीला आऊट करायला मदत केली) अन् एरर (होणारा आऊट चुकवला) असे तीन वेगळे रकाने, आणि वर "मागील बेरीज" म्हणून ओळ, म्हणजे पोरगी चार वर्षं खेळली तरी हिशोब तुटत नाही. आधी आम्ही वहीत नुसते एरर मांडायचो आणि त्यानं लई घोळ व्हायचा.

आमची शॉर्टस्टॉप बघा, म्हणजे सेकंड अन् थर्ड बेसच्या मधे उभी राहणारी. सीझनभरात ११ एरर, सेकंड बेसवालीचे फक्त २. जो तो म्हणायलाय हिला बदला, पोरीचं तोंड उतरलेलं. मग पान काढून बेरीज केली तर शॉर्टस्टॉपचे पुटआऊट असिस्ट मिळून १२९, त्यात ११ एरर धरले की १४० चान्स, १२९ भागिले १४० म्हणजे ०.९२१. सेकंड बेसवालीचे १७ आणि २, चान्स १९, येतात ०.८९५. म्हणजे जिच्याकडं बॉल यायलेत तिच्याच नावावर एरर दिसणार ना! पान तिच्या हातात दिलं, तिनं बोट ठेवून एकेक ओळ दोनदा मोजली, काही बोलली नाही, ग्लोव्ह घेऊन आपल्या जागेवर जाऊन उभी राहिली.

मोठ्या खेळाडूंचं पण असंच आहे. अमेरिकेतला शॉर्टस्टॉप ओझी स्मिथ, त्यानं १९८० साली सॅन डिएगोच्या टीमकडून २४ एरर केले, पण त्याच सीझनला ६२१ असिस्ट, शॉर्टस्टॉपसाठी रेकॉर्ड, आणि गोल्ड ग्लोव्ह (चांगल्या फिल्डिंगचं बक्षीस) पण त्यालाच. अख्ख्या करिअरमध्ये शॉर्टस्टॉपला २८१ एरर आणि गोल्ड ग्लोव्ह १३! आणि ज्या हर्मन लाँगच्या नावावर हजाराच्या वर एरर आहेत तो एकोणिसाव्या शतकातला माणूस, तेव्हाचे ग्लोव्ह केवढेसे आणि ग्राऊंड कसली असतील विचार करा. नुसत्या एररच्या आकड्यावरून कुणाला खराब फिल्डर ठरवू नये असं मला मनापासून वाटतं.

ग्राऊंडवरनं आठवलं, आपल्याकडं काळी माती, मार्च लागला की हाताएवढ्या भेगा, सरळ येणारा बॉल भेगेच्या कडेला लागून खांद्यावरून जातो. असा अचानक उसळलेला बॉल सुटला तर एरर द्यायचा नसतो, तो हिट, म्हणजे बॅटरच्या खात्यात. साधारण मेहनतीनं आऊट झाला असता तरच एरर, आणि ते ठरवणार स्कोअरर. त्यासाठी बुकात प्रत्येक ओळीपुढं शेऱ्याला जागा सोडलीय, आम्ही तिथं "भेग" एवढंच लिहितो. ही जागा नसती तर मी हे बुक परत घेतलं नसतं.

कमी काय तर कॅचरच्या पानाला पासबॉलचा (पिचरनं टाकलेला, अडवता येणारा बॉल कॅचरकडून सुटला तर तो) रकाना नाही. पासबॉल एररमध्ये मोजत नाहीत, वेगळा लिहावा लागतो, आमची स्कोअरर पोरगी तो एररमध्येच टाकून बसली आणि कॅचरचे तीन मॅचचे आकडे चुकले. थ्रो चुकला का बॉल हातातून सुटला हेही वेगळं लिहायची सोय पाहिजे, प्रॅक्टिस कशाची घ्यायची ते त्यावरनंच कळतं. कागद पण पातळ आहे, बॉलपेनचं उलट्या बाजूला उमटतं, पेन्सिलच वापरा. बाइंडिंग मात्र मजबूत, बॅगेत बॅट-बॉलखाली दबून सुद्धा एक पान निघालं नाही.

५ पैकी ४ देतो. दिवाळीनंतर अजून १० बुकं घेणारंय, पासबॉलचा रकाना घालून द्या म्हणून पेन्सिलनं आखलेलं पान त्यांच्याकडं देऊन आलोय.