वास घालवायचाय का खारटपणा? कार्बन फिल्टर की आरओ, आधी हे बघा

सोलापुरात कुणी म्हणलं पाण्याला वास येतोय, आरओ (पाण्यातले क्षार गाळणारं मशीन) घेऊ का, की मी आधी विचारते, नळाचं का बोअरचं? कारण दोन्हीचं दुखणं वेगळं आहे.

नळाला उजनीचं पाणी. धरणात शेवाळ वाढलं की ओल्या मातीसारखा जो वास मारतो तो बहुतेक वेळा शेवाळातून सुटणाऱ्या जिओस्मिन नावाच्या पदार्थाचा असतो, लिटरमागं दहा नॅनोग्रॅमच्या आसपास असलं तरी नाकाला कळतं. उकळून तो नीट जात नाही, आणि तुरटीनं गाळ खाली बसतो, वास तिथंच. इथं अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बनच कामाला येतो, म्हणजे बहुतेकदा नारळाच्या करवंटीचा कोळसा, क्लोरीनचा वासपण तोच ओढतो. पण कार्बन जंतू मारत नाही, म्हणून सोबत यूव्ही (जंतू मारणारा अतिनील दिवा) पाहिजे नाहीतर उकळा. आणि क्लोरीन निघून गेलेलं पाणी दोन-दोन दिवस भरून ठेवू नका, लागेल तसं काढा.

बोअरचं मचूळ, खारट, चहा बेचव, भांड्याच्या तळाला पांढरा थर. हे क्षारांचं काम, कार्बनला झेपत नाही आणि उकळलं तर खारटपणा उलट वाढतो. भारतीय मानकात टीडीएसची, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांची, पसंतीची मर्यादा लिटरमागं ५०० मिलिग्रॅम आहे, मीटर काही शे रुपयांत मिळतो, आकडा त्याच्या बराच वर असेल तर आरओ घ्याच.

पण नुसत्या वासासाठी आरओ घेऊ नका हो. घरगुती मशीनमध्ये एक लिटर गोड पाण्यामागं दोन-तीन लिटर सहज वाहून जातं, आणि आपल्याकडं काही दिवसांआड पाणी सुटतं, रात्री-अपरात्री उठून घागरी भरायच्या आणि तेच पाणी मोरीत सोडायचं, माझ्या जिवाला लागतं ते. घेतलाच तर वाया जाणारं पाणी बादलीत धरा, फरशी पुसायला चालतं.

काहीही घेतलं तरी कार्ट्रिज वेळेवर बदला. आमचं एकदा दीड वर्ष तसंच राहिलं, सासूबाई पहिल्याच घोटाला म्हणाल्या, अगं मातीचा वास परत आला की.

आणि पैसे घालायच्या आधी एक करा. पाणी सुटल्यावर एक बाटली थेट नळाची अर्धी भरा, दुसरी टाकीची, झाकण लावून हलवा आणि लगेच हुंगा. वास नुसत्या टाकीच्या बाटलीला येत असेल तर आधी टाकी घासून घ्या, मशीन नंतर.