मोतीबिंदूची लेन्स: मोनोफोकल घ्यायची की मल्टिफोकल?

घरात कुणाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं की काउन्सेलर मॅडम लेन्सचं रेटकार्ड पुढे ठेवतात आणि तिथंच सगळे गडबडतात, कारण महाग ती चांगली असंच डोक्यात असतं. ऑपरेशन दोन्हीत तेच असतं बरं का, २-३ मिमीच्या छेदातून गढूळ लेन्स काढून नवी बसवायची. फरक फोकसचा.

मोनोफोकलने एकाच अंतरावरचं स्वच्छ दिसतं आणि बहुतेक जण लांबचं घेतात, म्हणजे पीएमपी बसची पाटी, बालगंधर्वला मागच्या रांगेतून स्टेज, हे चष्म्याशिवाय, पण पेपर, मोबाईल, सुईत दोरा ओवणं याला चष्मा लागणारच. चाळिशीपासून चष्म्याची सवय असेल तर त्याचं काय एवढं! हां, पहिल्यापासून मायनस नंबर असलेले लोक चष्मा काढून वाचतात, त्यांची ती सोय एकदम जाते, म्हणून त्यांनी डॉक्टरांशी आधीच बोलावं, जवळचा फोकसही ठेवता येतो.

मल्टिफोकलमध्ये उजेड लांब आणि जवळ असा वाटला जातो, त्यामुळे चष्मा बराचसा सुटतो पण कॉन्ट्रास्ट थोडा कमी होतो आणि रात्री दिव्यांभोवती वलयं दिसतात. बऱ्याच जणांना काही महिन्यांत सवय होते, काहींना होतच नाही. आता पावसात रात्री सिंहगड रोडवर ॲक्टिवा चालवणाऱ्या काकांनी विचार करा, समोरून हेडलाईट, खाली ओला रस्ता आणि त्यात ही वलयं. डायबेटीसमुळे डोळ्याचा पडदा (रेटिना) खराब असेल, काचबिंदू असेल तर डॉक्टर शक्यतो ही लेन्स टाळतात, म्हणून पडद्याची तपासणी आधी, लेन्सची निवड नंतर.

मधला पर्याय एडॉफ (EDOF), म्हणजे फोकसची खोली वाढवलेली लेन्स. लांबचं आणि कॉम्प्युटरच्या अंतराचं छान, बारीक अक्षरांना चष्मा लागू शकतो.

सिलिंडर नंबर जास्त असेल तर टोरिक, म्हणजे तो नंबरही भरून काढणारी लेन्स विचारा, ती दोन्ही प्रकारांत मिळते आणि माझ्या मते जादा पैसे घालायचेच तर आधी तिथे. मेडिक्लेमचं पण बघा, बऱ्याच पॉलिसींत मोतीबिंदूला लिमिट असतं, वरचे पैसे खिशातून.

रात्री गाडी चालवणं रोजचं असेल किंवा पडद्याची शंका असेल तर मी डोळे झाकून मोनोफोकल म्हणेन. दिवसभर घरात, वाचनाची आवड, चष्म्याचा वैताग, डोळे बाकी ठणठणीत, अशांनी मल्टिफोकलचा विचार करावा.

आणि वर्षा-दोन वर्षांनी परत धूसर दिसलं तर मोतीबिंदू परत आला म्हणून घाबरू नका, बऱ्याचदा लेन्समागचं पातळ आवरण गढूळ झालेलं असतं, दोन्हीत होऊ शकतं, याग लेझरने काही मिनिटांत काम होतं. तपासून मात्र घ्या.